कनेक्शन पुन्हा अडलं? रीस्टार्ट करण्याआधी घड्याळ लावा

"डेटाबेस बंद पडलाय" असा निरोप येतो तेव्हा बहुतेक वेळा डेटाबेस मजेत चालू असतो. सर्व्हरवर लॉगिन करून बघावं तर सेवा चालू, डिस्कवर जागा, प्रोसेसर निवांत. तरी दुसऱ्या मशीनवरून कनेक्शन काही लागत नाही. मग कोणीतरी सेवा रीस्टार्ट करतं, नाहीतर फायरवॉल बंद करून परत चालू करतं. काम सुरू होतं, सगळे आपापल्या जागेवर जातात, आणि चार दिवसांनी ये रे माझ्या मागल्या.

त्या चार दिवसांनी परत येणाऱ्या दुखण्याबद्दल लिहितोय. लिनक्स सर्व्हर, त्यावर पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल हा डेटाबेस, आणि बाहेरून येणारी कनेक्शनं अधूनमधून अडतात, एवढीच परिस्थिती धरली आहे. खालच्या बहुतेक कमांडना रूटचे अधिकार लागतात.

माझा आग्रह एकच आहे. "कनेक्ट होत नाही" ही तक्रार तशीच घेऊ नका. नकार किती वेळानं आला आणि कोणत्या शब्दांत आला, हे आधी विचारा. क्षणात आला, दोन मिनिटांनी आला, दहा मिनिटांनी आपोआप सुटलं, की कनेक्शन आहे म्हणता म्हणता पंधरा मिनिटं लटकलं? हे आकडे हवेतून येत नाहीत. कर्नेलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) किंवा एखाद्या प्रोग्रॅमच्या मूळ सेटिंगमधून येतात, आणि त्यांच्यावरून अडवणारा कोण हे बऱ्याचदा सर्व्हरला हात लावण्याआधीच कळतं.

मोजताना ॲप्लिकेशनमधून मोजू नका. ड्रायव्हरला स्वतःची मुदत असते, तो दहा सेकंदांत हात वर करतो आणि आपण भलत्याच आकड्याच्या मागे लागतो. ज्या मशीनवरून अडतंय तिथे बसा आणि 'टाइम एनसी -व्हीझेड', पुढे सर्व्हरचा पत्ता, पुढे पोर्ट, अशी साधी कमांड चालवा.

क्षणात आलेला नकार

'कनेक्शन रीफ्यूज्ड' हा शब्द लगेच आला तर एक गोष्ट पक्की: पलीकडून कोणीतरी उत्तर दिलंय. रस्ता आहे. बहुधा त्या पोर्टवर कोणी ऐकत नसतं आणि सर्व्हरचं कर्नेल रीसेट पॅकेट पाठवून मोकळं होतं. सर्व्हरवर 'एसएस -एलटीएनपी' चालवा आणि पत्त्याचा रकाना नीट वाचा. तिथे १२७.०.०.१:५४३२ दिसलं तर पोस्टग्रेस फक्त घरातल्या घरात ऐकतोय. 'लिसन ॲड्रेसेस' या सेटिंगची मूळ किंमतच 'लोकलहोस्ट' आहे. ती बदलल्यावर रीलोड पुरत नाही, पूर्ण रीस्टार्ट लागतो. इथवर बहुतेकांना माहीत असतं.

कमी जणांना माहीत असलेला प्रकार असा. त्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा ठरावीक पत्ता लिहिलेला आहे, सगळं व्यवस्थित चालू आहे. मग कर्नेल अपडेटसाठी मशीन रीबूट होतं. बूट होताना पोस्टग्रेस उठतो तेव्हा नेटवर्क कार्डाला अजून पत्ता मिळालेला नसतो. पोस्टग्रेस लॉगमध्ये एक ओळ खरडतो की हा पत्ता बांधता आला नाही, आणि लोकलहोस्ट मिळालाय तर तेवढ्यावर बिनतक्रार सुरू होतो. सेवा चालू, आतून लॉगिन होतं, बाहेरून मात्र 'रीफ्यूज्ड'. हातानं रीस्टार्ट केलं की बरं होतं, कारण तोवर पत्ता आलेला असतो. पुढच्या रीबूटला पुन्हा तेच. दर महिन्याला अपडेटनंतर "डेटाबेस एकदा रीस्टार्ट करावा लागतो" अशी प्रथा पडलेली जागा दिसली की मी आधी हेच तपासतो. उपाय लहान आहे. 'सिस्टमसीटीएल एडिट' वापरून त्या सेवेला 'नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट'नंतर सुरू व्हायला सांगा, 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' या दोन्ही ओळी घाला. किंवा सगळ्या पत्त्यांवर ऐकू द्या आणि कोणाला आत घ्यायचं ते फायरवॉलला ठरवू द्या. मला दुसरा मार्ग आवडतो, पण फायरवॉलवर भरवसा असेल तरच.

आता 'रीफ्यूज्ड'मधली खरी मेख. सेवा चालू आहे, योग्य पत्त्यावर ऐकतेय, इतरांना लागतेय, एकाच मशीनला 'रीफ्यूज्ड' येतंय, आणि दहाएक मिनिटांनी आपोआप सुटतंय. हा फेलटूबॅन, वारंवार चुकणाऱ्या पत्त्यांना काही काळ अडवणारा प्रोग्रॅम. त्याची मूळ सेटिंग अशी: दहा मिनिटांत पाच चुका झाल्या की दहा मिनिटं बंदी. बंदी घालताना तो पॅकेट नुसतं गिळत नाही, 'पोर्ट अनरीचेबल' असा आयसीएमपी (नेटवर्कवरच्या अडचणी कळवणारा) निरोप परत पाठवतो. लिनक्सचा क्लायंट त्या निरोपाचंही भाषांतर 'कनेक्शन रीफ्यूज्ड' असंच करतो. म्हणजे सेवा मेल्यावर आणि तुमच्यावर बंदी आल्यावर शब्द एकच. फरक बघायचा तर क्लायंटवर टीसीपीडंप, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन, लावा. उत्तरात 'आर' हा फ्लॅग दिसला तर खरा रीसेट, आयसीएमपी दिसला तर मध्ये फायरवॉलचा नियम.

डेटाबेसपर्यंत एसएसएचच्या (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिनच्या) बोगद्यातून जाणाऱ्यांना हा फटका जास्त बसतो, कारण फेलटूबॅनचं लक्ष सहसा एसएसएचवरच असतं. कोणीतरी किल्ली बदलते, जुनी किल्ली घेऊन बसलेलं एखादं विसरलेलं क्रॉनचं (ठरल्या वेळी आपोआप चालणारं) काम दर मिनिटाला दार ठोठावतं, आणि त्याच सार्वजनिक पत्त्यामागे बसलेले सगळे एकदम बाहेर फेकले जातात. चोर सोडून संन्याशाला फाशी. 'फेलटूबॅन-क्लायंट स्टेटस एसएसएचडी' विचारलं की बंदीतले पत्ते दिसतात. 'अनबॅनआयपी'नं सुटका होते, पण ती तेवढ्यापुरती. 'जेल डॉट लोकल'मध्ये 'इग्नोअरआयपी'त आपलं नेटवर्क घाला, आणि ते क्रॉनचं काम शोधून काढा. नुसतं पहिलं केलंत तर चुकीची किल्ली तशीच राहते आणि लॉग भरत राहतो.

मायएसक्यूएलची स्वतःचीही अशी बंदी आहे, पण तो निदान स्पष्ट बोलतो: अमुक होस्ट अनेक कनेक्शन चुकांमुळे ब्लॉक केला आहे, त्रुटी क्रमांक ११२९. मर्यादा मुळात १०० ची. यात चुकीचे पासवर्ड मोजले जात नाहीत, अर्धवट सोडलेल्या ओळखी मोजल्या जातात. म्हणून गुन्हेगार बहुधा एखादा लोड बॅलन्सर किंवा देखरेखीचा प्रोग्रॅम असतो, जो "पोर्ट जिवंत आहे का" बघायला कनेक्शन उघडतो आणि एक शब्दही न बोलता बंद करतो. नव्या आवृत्त्यांत परफॉर्मन्स स्कीमातलं 'होस्ट कॅश' टेबल ट्रंकेट करून बंदी उठते. मर्यादा लाखावर नेऊन ठेवणारे बरेच आहेत. मी आधी तो तपासणारा प्रोग्रॅम नीट लॉगिन करणारा बनवतो.

आणि 'नो रूट टू होस्ट'. हा संदेश वाचून माणसं राउटिंग टेबल उघडून बसतात. पिंग जातोय, एसएसएच लागतंय, आणि फक्त डेटाबेसच्या पोर्टवर हा संदेश क्षणात येतोय, तर रस्ता ठणठणीत आहे. रेड हॅट घराण्यातल्या सर्व्हरवर फायरवॉलडी नको असलेल्या पॅकेटला 'प्रशासकीय मनाई' असं आयसीएमपी उत्तर देतो आणि क्लायंटला ते 'नो रूट' म्हणून ऐकू येतं. राउटिंगला हात लावू नका, 'फायरवॉल-सीएमडी --गेट-ॲक्टिव्ह-झोन्स' बघा. नेटवर्क कार्ड भलत्या झोनमध्ये गेलेलं असतं, किंवा नियम आहे पण दुसऱ्याच झोनमध्ये आहे.

दोन मिनिटांची शांतता

काहीच उत्तर न येता दोन मिनिटांहून थोडं जास्त थांबावं लागलं आणि मग 'कनेक्शन टाइम्ड आउट' आलं, तर पॅकेट कुठेतरी गिळलं जातंय. लिनक्स पहिलं सिन, म्हणजे कनेक्शन मागणारं, पॅकेट पाठवतो, उत्तर नाही आलं तर आणखी सहा वेळा प्रयत्न करतो, आणि मूळ सेटिंगमध्ये हे सगळं १२७ सेकंद चालतं. कर्नेल ६.५ पासून सुरुवातीचे प्रयत्न सेकंदा-सेकंदाला होतात, म्हणून तिथे एकूण १३१ सेकंद. घड्याळ हा आकडा दाखवत असेल तर आता अंदाज थांबवा आणि सर्व्हरवर टीसीपीडंप लावा: 'टीसीपीडंप -एनआय एनी', पुढे होस्ट म्हणून क्लायंटचा पत्ता आणि पोर्ट म्हणून ५४३२. मग क्लायंटवरून पुन्हा प्रयत्न करा.

इथे एक गोष्ट लक्षात असू द्या. आत येणारं पॅकेट टीसीपीडंपला फायरवॉलच्या आधी दिसतं, बाहेर जाणारं मात्र फायरवॉलमधून सुटल्यावर दिसतं. म्हणजे सर्व्हरची फायरवॉल सिन टाकून देत असली तरी तो सिन तुम्हाला इथे दिसणारच.

काहीच दिसलं नाही तर सर्व्हर निर्दोष आहे. तरीही याच टप्प्यावर सर्व्हरची फायरवॉल बंद करून बघणारे, सेलिनक्स (लिनक्सची सुरक्षेची चौकट) घालवून टाकणारे मी पाहिलेत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. कॅप्चर घ्या आणि मधलं नेटवर्क सांभाळणाऱ्यांकडे जा. "आमच्याकडे सिन पोचतच नाही" हे फायलीसकट सांगितलं की बोलणं लवकर संपतं.

सिन आला, उत्तर गेलं, पुन्हा तोच सिन आला, पुन्हा उत्तर गेलं, असं दिसलं तर परतीचा रस्ता बंद आहे. हेही बाहेरचंच.

सिन येतोय आणि उत्तर जातच नाही, हा प्रकार मात्र पूर्णपणे आपला. आणि तो सगळ्यात रंगतदार.

पहिला संशय अर्थात फायरवॉलवर. 'एनएफटी लिस्ट रूलसेट' चालवून नियम बघा. फक्त 'आयपीटेबल्स -एल' बघून "नियम नाहीत" असं ठरवू नका. एकाच मशीनवर फायरवॉलच्या नियमांची जुनी लेगसी टेबलं आणि नवी एनएफटेबल्स दोन्ही जिवंत असू शकतात आणि पॅकेटला दोन्हींमधून पार व्हावं लागतं. आयपीटेबल्स कधीकधी तळाशी इशारा देतो की लेगसी टेबलंही आहेत. ती ओळ वाचायची सवय लावा.

नियमांत काही सापडलं नाही तर क्लायंटच्या पत्त्याकडे नीट बघा. तो १७२.१८ किंवा १७२.१९ नं सुरू होतोय का? आणि सर्व्हरवर डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कंटेनरांत चालवणारं साधन) आहे का? डॉकरचा मूळ पूल १७२.१७.०.०/१६ पासून सुरू होतो, आणि डॉकर कंपोझनं नवा प्रकल्प उचलला की पुढचा तुकडा घेतो: १७२.१८, १७२.१९, असं करत. एखाद्या दिवशी कोणीतरी सर्व्हरवर एक निरुपद्रवी कंटेनर चढवतं, डॉकर नेमका तोच तुकडा घेतो जो तुमच्या क्लायंटच्या नेटवर्कचा आहे, आणि त्या क्षणापासून सर्व्हरची उत्तरं कंटेनरच्या पुलावर जाऊन नाहीशी होतात. प्रकल्प खाली उतरवला की नेटवर्क जातं, सगळं सुरळीत. पुन्हा चढवला की पुन्हा बंद. लॉगमध्ये चकार शब्द नाही. 'आयपी रूट गेट', पुढे क्लायंटचा पत्ता, ही एकच कमांड चोर पकडून देते. उत्तरात तुमच्या नेटवर्क कार्डाऐवजी 'बीआर'नं सुरू होणारं नाव दिसलं की संपलं. डॉकरच्या डीमन फायलीत 'डीफॉल्ट ॲड्रेस पूल्स' द्या आणि असा तुकडा निवडा जो तुमच्याकडे कुठेच वापरात नाही. आधीच बनलेली नेटवर्कं यानं हलत नाहीत, ती पाडून परत बनवावी लागतात.

दोन नेटवर्क कार्डं असलेल्या सर्व्हरवर याचाच भाऊ भेटतो. पॅकेट एका कार्डावरून येतं, पण त्या पत्त्याकडे परत जायचा रस्ता दुसऱ्या कार्डावरून आहे. 'आरपी फिल्टर' १ वर असेल तर कर्नेल असं पॅकेट संशयित मानून टाकून देतं. 'लॉग मार्शन्स' चालू केलं की डीमेसेजमध्ये (कर्नेलच्या लॉगमध्ये) ओळी दिसू लागतात. फिल्टर २ वर नेला की काम चालतं, पण राउटिंग सरळ करणं जास्त चांगलं.

मग कॉनट्रॅक. लक्षण ठसठशीत असतं: जुनी कनेक्शनं व्यवस्थित चालू, नवी मात्र कधी लागतात, कधी नाही, आणि हे गर्दीच्या वेळीच. फायरवॉल प्रत्येक कनेक्शनची नोंद एका टेबलात ठेवते, ते भरलं की नवी पॅकेटं टाकून देते. 'डीमेसेज -टी'मध्ये (टी मोठ्या लिपीतला) 'टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट' असं सरळ लिहिलेलं असतं, पण ते बघायला कोणी जात नाही. चालू कनेक्शनची नोंद मुळात ४,३२,००० सेकंद, म्हणजे ५ दिवस, राहते. मध्येच मेलेल्या क्लायंटांच्या नोंदीही तेवढेच दिवस जागा अडवून बसतात. 'एनएफ कॉनट्रॅक मॅक्स' वाढवा, मुदत काही तासांवर आणा. पण प्रत्येक क्वेरीसाठी नवं कनेक्शन उघडणारं ॲप्लिकेशन त्यात असेल तर मोठं टेबलही भरेलच. अशा ॲप्लिकेशनसमोर पीजीबाउन्सरसारखा पूलर (उघडी कनेक्शनं साठवून पुन्हा वापरणारा प्रोग्रॅम) ठेवल्याशिवाय सुटका नाही.

आणि एक घड्याळाचीच खूण. कनेक्शन लागतंय, पण कधीकधी बरोबर १, ३ किंवा ७ सेकंद घेऊन. ६.५ किंवा त्यापुढच्या कर्नेलवर १, २, ३ असं. हा वेग कमी झाल्याचा प्रकार नाही. पहिला सिन हरवतोय आणि पुढचा लागतोय. सर्व्हरची स्वीकाराची रांग भरली की असं होतं. 'एसएस -एलटीएन'मध्ये ऐकणाऱ्या सॉकेटपुढे पहिला आकडा रांगेत सध्या किती आहेत तो, दुसरा रांगेची कमाल लांबी. पहिला दुसऱ्याला भिडत असेल, आणि 'एनस्टॅट -एझेड'मध्ये 'लिसन ओव्हरफ्लोज' वाढत असेल, तर कारण मिळालं. 'सोमॅक्सकॉन' कर्नेल ५.४ च्या आधी १२८ होतं, नंतर ४०९६ झालं. जुना सर्व्हर असेल तर हेच निघण्याची शक्यता मोठी.

पंधरा मिनिटं

आता ज्या दुखण्यानं आम्हाला काही आठवडे छळलं ते. रोज सकाळी पहिला अहवाल उघडायला गेलं की पडदा गोठायचा. कोणीतरी ॲप्लिकेशन रीस्टार्ट करायचं, मग दिवसभर काही नाही. सुट्टीनंतर हमखास, मधल्या दिवशीही बहुतेक वेळा. डेटाबेसच्या लॉगमध्ये काहीच नाही, कारण डेटाबेसपर्यंत काही पोचतच नव्हतं. रात्रीच्या बॅकअपवर संशय झाला, मग डिस्कवर झाला, एकदा एका बिचाऱ्या इंडेक्सवरही झाला.

एक दिवस रीस्टार्ट करणारा सहकारी रजेवर होता, म्हणून ते तसंच लटकत राहिलं, आणि मग आपणहून त्रुटी देऊन सुटलं. किती वेळानं? पंधरा मिनिटं आणि वर काही सेकंद. दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम थांबलो. पुन्हा पंधरा मिनिटं आणि वर काही सेकंद.

हा आकडा लिनक्सच्या 'टीसीपी रीट्राइज टू' या सेटिंगचा आहे. जुळलेल्या कनेक्शनवर पाठवलेल्या पॅकेटची पोच आली नाही तर कर्नेल पंधरा वेळा पुन्हा पाठवतं, दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करत, कमाल दोन मिनिटांपर्यंत. सगळं मिळून सुमारे ९२४.६ सेकंद. म्हणजे ॲप्लिकेशनला वाटत होतं कनेक्शन आहे, आणि ते एका मेलेल्या वाटेवर पॅकेट फेकत बसलं होतं.

तिसऱ्या सकाळी गोठलेल्या अवस्थेतच ॲप्लिकेशनच्या मशीनवर 'एसएस -टीओ' चालवलं. पाठवायच्या रांगेत काही बाइट अडकलेले, शेजारी टायमर 'ऑन', आणि पुनःप्रयत्नांचा आकडा चढत चाललेला. त्याच वेळी डेटाबेस सर्व्हरवर टीसीपीडंप कोरा.  ॲप्लिकेशन म्हणतंय आम्ही बोलतोय, आणि मध्ये तार तुटलेली.

मध्ये एक फायरवॉल होती आणि तिच्यात शांत कनेक्शनची मुदत एक तास होती. तासभर काही बोललं नाही की ती नोंद पुसायची, कोणालाच न सांगता, आणि नंतर येणारी पॅकेटं अनोळखी म्हणून टाकून द्यायची. पूलमधली, म्हणजे पुन्हा वापरायला उघडी ठेवलेली, कनेक्शनं रात्रभर गप्प. सकाळी पहिली क्वेरी त्यांच्यावरच जायची. रीस्टार्टनं पूल नवा व्हायचा म्हणून बरं वाटायचं.

कीपअलाइव्ह, म्हणजे शांत कनेक्शनवर अधूनमधून मारलेला ठोका, अशासाठीच असतं, पण लिनक्सचा मूळ हिशेब बघा: पहिला ठोका ७२०० सेकंदांनी, नंतर ७५ सेकंदांच्या अंतरानं नऊ वेळा. दोन तासांनी दार ठोठावणाऱ्याचा एका तासात नोंद पुसणाऱ्यापुढे काय उपयोग? आम्ही ॲप्लिकेशनच्या मशीनवर सिसीटीएलनं तो काळ ३०० सेकंद केला. दुसऱ्या सकाळी पुन्हा गोठलं. कारण ही सेटिंग फक्त त्या सॉकेटना लागू होते ज्यांनी कीपअलाइव्ह मागितलंय, आणि पोस्टग्रेसच्या जावा ड्रायव्हरमध्ये 'टीसीपी कीप अलाइव्ह' मुळात बंद असतं. 'एसएस -टीओ'मध्ये शांत कनेक्शनपुढे 'टायमर: कीपअलाइव्ह' दिसत नव्हतं, हे आम्ही आधीच बघायला हवं होतं. कनेक्शनच्या पत्त्यात ते चालू केलं. पोस्टग्रेसच्या बाजूनंही 'टीसीपी कीपअलाइव्ह्ज आयडल' ३०० केलं, आणि पूलला सांगितलं की अर्ध्या तासापेक्षा जास्त रिकामं बसलेलं कनेक्शन टाकून दे. तेव्हापासून सकाळचा प्रकार थांबला.

त्याचबरोबर आणखी एक जुनं दुखणं गेलं, जे आम्ही वेगळं समजत होतो. अधूनमधून दुपारी 'टू मेनी क्लायंट्स' यायचं. पोस्टग्रेसची मर्यादा मुळात १०० कनेक्शनांची. ॲप्लिकेशन रीस्टार्ट केल्यावर नवी कनेक्शनं यायची, पण जुन्यांचा निरोप तुटलेल्या वाटेमुळे सर्व्हरपर्यंत पोचायचा नाही. ती बिचारी कीपअलाइव्हचे सगळे ठोके संपेपर्यंत जागा अडवून बसायची. शेवटचं शांत झाल्यापासून दोन तासांनी पहिला ठोका, आणि उत्तर नाही म्हणून वर अकरा मिनिटं. दोन-तीनदा रीस्टार्ट झालं की शंभरी भरायची.

पोस्टग्रेस १२ पासून 'टीसीपी यूजर टाइमआउट' दोन्ही टोकांना देता येतो. तो लावला की पंधरा मिनिटांऐवजी तुम्ही सांगाल तेवढ्याच वेळात मेलेलं कनेक्शन सोडून दिलं जातं. आजार जात नाही, पण गोठणं कमी होतं. क्लाउडमध्ये मुदती आणखी आखूड असतात: अझ्युअरच्या लोड बॅलन्सरमध्ये मुळात ४ मिनिटं, एडब्ल्यूएसच्या नॅट गेटवेमध्ये ३५० सेकंद. नॅट गेटवे निदान रीसेट पाठवतो, म्हणून तिथे गोठण्याऐवजी 'कनेक्शन रीसेट बाय पीअर' दिसतं. तिथे ३०० सेकंदही काठावरच, मी १२० ठेवतो.

लटकण्याचा आणखी एक प्रकार आहे, त्याची यात गल्लत करू नका. लॉगिन होतं, लहान क्वेरीला उत्तर येतं, मोठं उत्तर मागितलं की गोठतं, आणि हे दिवसाच्या कोणत्याही वेळी, दर वेळी. तो एमटीयूचा, म्हणजे वाटेत मावणाऱ्या पॅकेटच्या कमाल आकाराचा, घोळ, बहुधा मध्ये व्हीपीएन असतं. 'पिंग -एम डू -एस १४७२' (एम मोठ्या लिपीतला, एस लहान) करून बघा. तो अडला आणि १३०० गेला तर तेच. कुठेतरी आयसीएमपी सरसकट बंद करून ठेवलेलं असतं, ते उघडायला लावा.

दुरुस्ती टिकत का नाही

कारण सापडूनही दुखणं परत येतं तेव्हा बहुधा दुरुस्ती पुसली गेलेली असते. फायरवॉलडीत 'पर्मनंट' न लिहिता घातलेला नियम रीलोड होईपर्यंतच जगतो. चालतोय म्हणून माणूस निघून जातो. 'फायरवॉल-सीएमडी --रनटाइम-टू-पर्मनंट' ही कमांड त्यासाठीच आहे, पण आधी रनटाइममध्ये आणखी काय कचरा साचलाय ते बघून घ्या. सर्व्हरची रचना ॲन्सिबलसारख्या साधनातून होत असेल तर हातानं केलेला बदल पुढच्या फेरीत जाणार हे गृहीत धरा.

आणि "फायरवॉल रीस्टार्ट केली की चालतं" या अनुभवाचा अर्थ फायरवॉल बिघडली होती असा नाही. डेबियनच्या एनएफटेबल्सच्या फायलीत अगदी सुरुवातीलाच सगळे नियम साफ करणारी ओळ असते. सेवा रीस्टार्ट केली की त्यात फेलटूबॅनच्या बंद्या जातात, आणि डॉकरचे नियमही जातात. तुमचं एक कनेक्शन सुटतं आणि कंटेनरांचं नेटवर्क तुटतं. मग कोणीतरी डॉकर रीस्टार्ट करतं. अशी साखळी दिसली की मी रीस्टार्टचे अधिकारच काढून घ्यावेत या मताचा आहे, पण ते कोणी ऐकत नाही.

सेलिनक्स या सगळ्यात जेवढा बदनाम आहे तेवढा दोषी नसतो. बाहेरून येणाऱ्या कनेक्शनांच्या आड तो सहसा येत नाही. सेवा नव्या पोर्टवर हलवली आणि उठेनाशी झाली तर मात्र 'ए-यू-सर्च -एम एव्हीसी' बघा आणि 'सीमॅनेज पोर्ट'नं ते पोर्ट नोंदवा. तो बंद करायचं कारण नाही.

रीस्टार्टनं पुरावा जातो, म्हणून आमच्या सर्व्हरवर आता एक छोटी स्क्रिप्ट आहे आणि ती चालवल्याशिवाय रीस्टार्ट करायचं नाही असं ठरलंय. ती 'एसएस -टीएएनपीओ', 'एनएफटी लिस्ट रूलसेट', 'आयपी रूट', 'एनस्टॅट -एझेड', 'डीमेसेज -टी' आणि कॉनट्रॅकचा सध्याचा आकडा, एवढं सगळं तारीख-वेळेच्या नावानं एका फायलीत टाकते. काही सेकंदांचं काम. दुखणं रात्री-अपरात्री येत असेल तर टीसीपीडंप गोल फिरता ठेवा: '-सी १०० -डब्ल्यू १०' (दोन्ही अक्षरं मोठ्या लिपीतली) दिलं की सुमारे शंभर एमबीच्या दहा फायली भरतात आणि पुन्हा पहिलीपासून लिहिल्या जातात, डिस्क भरत नाही. '-एस ८०' (एस लहान) द्या म्हणजे जवळजवळ हेडरपुरतंच साठवलं जातं, लोकांचा डेटा फायलीत फारसा पडत नाही. दोन्ही टोकांना एकाच वेळी लावा.

आणि लावण्याआधी दोन्ही मशीनवर 'क्रोनीसी ट्रॅकिंग' चालवून घड्याळं जुळलेली आहेत का ते बघा. आम्ही पहिल्यांदा दोन कॅप्चर शेजारी ठेवली तेव्हा दोन सर्व्हरांच्या घड्याळांत चाळीस सेकंदांचा फरक होता, आणि अर्धा तास आम्ही भलत्याच सिनचं उत्तर शोधत होतो.